जिम क्रेटन: तीनच हंगामांची कारकीर्द, पण नियमावली बदलून गेला

चेंडूफळी
बेसबॉलचा पहिला व्यावसायिक खेळाडू कोण, या प्रश्नाला पुस्तकी उत्तर आहे १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज संघ. माझं मत वेगळं आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी ब्रुकलिनच्या एक्सेलसियर क्लबने जिम क्रेटन नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराला गुपचूप पैसे देऊन खेळवलं. ज्याच्या हातामुळे लोक मॅच बघायला यायला लागले, असा पहिला माणूस हाच.

थोडक्यात माहिती: जन्म १५ एप्रिल १८४१, मॅनहॅटन. वाढला ब्रुकलिनमध्ये. १८५९ च्या जुलैत नायगरा नावाच्या छोट्या क्लबकडून खेळत असताना संघ स्टार क्लबविरुद्ध सपाटून मार खात होता, तेव्हा याला पिचिंगला (बॅटरला चेंडू टाकायला) आणलं. स्टारवाल्यांना चेंडू लागेना. त्यांनी लगेच त्याला आपल्याकडे ओढलं, आणि हंगाम संपता संपता एक्सेलसियरने स्टारकडून ओढलं. १८६० हा त्याचा एकमेव भरगच्च हंगाम. १८६१ चा हंगाम यादवी युद्धापायी वाया गेला, १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये खेळता खेळता पोटात काहीतरी झालं आणि चार दिवसांत गेला. वय २१ वर्षं ६ महिने.

दोन मुद्द्यांवर चर्चा हवी आहे. याला पहिला व्यावसायिक म्हणावं का? आणि तो नक्की काय वेगळं टाकायचा?

गल्लीबोळ
म्हणजे अंडरआर्म टाकून हिरो झाला? आमच्या सोसायटीत काच फुटू नये म्हणून अंडरआर्म असतं. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

खडूस_अंपायर
@गल्लीबोळ, काच फुटली असती. खाली वाच.

क्रेटन समजून घ्यायचा तर १८६० चा नियम आधी बघावा लागेल. चेंडू 'पिच' करायचा. झटका द्यायचा नाही आणि फेकायचा नाही. झटका म्हणजे हात कमरेला किंवा अंगाला घासून, त्या टेकूवर चेंडू सुटणं. फेकणं म्हणजे कोपर वाकवून सोडणं. राहिलं काय? सरळ हात, लंबकासारखा अंगाशेजारून पुढे. घोड्याची नाल खुंटीवर टाकण्याच्या खेळात टाकतात तसं, म्हणून नाव पिच.

अंतर ४५ फूट. आजच्यासारखा उंचवटा नाही, रबरी पट्टी नाही. १२ फूट लांबीची रेघ आणि तिच्या मध्यावर पांढरी रंगवलेली लोखंडी गोल चकती. रेघेच्या मागे पिचरने किती पावलं घ्यायची यावर बंधन नव्हतं, म्हणजे रनअप चालत होता. आणि पिचरचं काम काय मानलं जायचं? बॅटरला मारता येईल असा चेंडू देणं. खरी लढत बॅटर आणि फील्डर यांच्यात, पिचर हा निव्वळ वाढपी.

क्रेटनने वाढपीपणा सोडला. हात नियमाप्रमाणे सरळ, अंगाला स्पर्श नाही, आणि चेंडू सुटायच्या क्षणी मनगटाची फिरकी. मनगटाबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. झटक्याची व्याख्या अंगाशी होणाऱ्या स्पर्शावर बेतलेली होती, त्यामुळे अंपायरकडे पकडायला काहीच नव्हतं. शिवाय अंपायर एकच, तोही दोन्ही क्लबांनी मिळून निवडलेला भला गृहस्थ, आणि तो बॅटरच्या बाजूला बऱ्याच अंतरावर उभा. तिथून कोणाचं मनगट दिसणार?

आकडेमोड
त्या काळच्या वृत्तपत्रांत त्याच्या चेंडूचं वर्णन आहे: जमिनीपासून काही इंचांवरून सुटतो आणि बॅटरच्या कमरेच्या वर चढतो, मारायला गेलं की एकतर हुकतो, नाहीतर उंच आभाळात जातो. हे कागदावर मांडून बघू. वेग कोणी मोजलेला नाही, म्हणून ताशी ६० मैल (सुमारे ९७ किमी) धरून चालतो. तरुण माणसाला खालून, रनअपसह, अशक्य नाही.

६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. ४५ फूट जायला ०.५१ सेकंद. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण चेंडूला सुमारे ४.२ फूट खाली ओढतं. सुटतोय अर्ध्या फुटावरून, पोचायचंय ३ फुटांवर. म्हणजे सुटताना वरच्या दिशेचा वेग सेकंदाला साधारण १३ फूट हवा, कोन साडेआठ अंशांच्या आसपास. असा चेंडू सुमारे ०.४ सेकंद चढतच राहतो आणि बॅटपाशी येतो तेव्हा नुकताच माथ्यावरून सपाट झालेला असतो.

गंमत इथे आहे. बाकीच्या पिचरांचा हळू चेंडू कमान करून बॅटरपाशी खाली पडत यायचा आणि बॅटरची नजर त्या पडण्याला बसलेली. क्रेटनचा चेंडू पडेल म्हणून बॅट खाली नेली, तर चेंडू अजून वरच. बॅट त्याच्या पोटाखालून गेली तर हुकला, कड लागली तर उंच झेल. वर्णन आणि गणित चपखल जुळतं. आणि हे फिरकी शून्य धरून. मनगटाने उलटी फिरकी दिली असेल तर चेंडू आणखी कमी पडणार.

तुलनेसाठी: आज ९० मैलांचा चेंडू हातातून सुटल्यावर सुमारे ५५ फूट जातो, म्हणजे ०.४२ सेकंद. ४५ फुटांवरून ७० मैलांनी टाकला तर ०.४४. बॅटरला मिळणारा वेळ जवळपास सारखाच.

गल्लीबोळ
काच फुटली. मान्य. 🙏

मेधा_क
आणि हळू चेंडू टाकायचाच नाही का? नुसता वेग असेल तर दोन-तीन इनिंगमध्ये बॅटर सरावतात.

खडूस_अंपायर
टाकायचा ना. त्याला 'दवबिंदू' म्हणत. हाताचा वेग तोच ठेवून हळूच सोडलेला, कमान करून येणारा. आज ज्याला चेंज-अप म्हणतात त्याचा आजोबा. वेगवान चेंडूला घाईने बॅट फिरवायची सवय लागली की मध्येच हा. दोन्ही चेंडू एकाच हालचालीतून निघणं हे अवघड काम. नवशिक्या पिचरचा हात हळू चेंडूच्या वेळी आधीच मंदावतो आणि बॅटरला चिठ्ठी आधी पोचते.

सरळबॅट
जाता जाता, क्रिकेटवाल्यांसाठी एक मजेशीर धागा यात आहे. १८५९ मध्ये जॉर्ज पारचा इंग्लिश संघ अमेरिका-कॅनडाला गेला होता, क्रिकेटचा पहिला परदेश दौरा. त्यात जॉन लिलीव्हाइट होता. क्रेटनची गोलंदाजी पाहून त्याने दिलेला अभिप्राय सांगतात तो असा, की हा पोरगा बोलिंग करत नाही, खालून फेकतोय, पण इतकं बेमालूम लपवलेलं फेकणं मी पाहिलेलं नाही.

आता पुढचं बघा. ऑगस्ट १८६२, ओव्हल. सरेविरुद्ध इंग्लंड. एडगर विलशरचा हात खांद्याच्या वर जातो म्हणून त्याला लागोपाठ सहा नो-बॉल देणारा अंपायर कोण? हाच जॉन लिलीव्हाइट. त्यावरून गदारोळ झाला आणि १८६४ मध्ये एमसीसीने ओव्हरआर्म अधिकृत केली. म्हणजे एकाच माणसाच्या नजरेखालून दोन खेळांतले दोन 'संशयित हात' गेले. क्रेटन क्रिकेटही उत्तम खेळायचा, हे विसरू नये. न्यूयॉर्क परिसरात तेव्हा दोन्ही खेळ खेळणारे भरपूर होते.

पानाआड
मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे. 'पहिला व्यावसायिक' ही पदवी क्रेटनला देताना पुरावा काय? हिशेबाची वही नाही, करार नाही, रक्कम नाही. त्याला पैसे मिळत असावेत हा तर्क आहे. भक्कम तर्क आहे, पण तर्कच. नॅशनल असोसिएशनने (तेव्हाची हौशी बेसबॉल क्लबांची संघटना) १८५९ मध्ये पैसे घेऊन खेळण्यावर बंदी घातली होती, त्यामुळे कोणी लिहून ठेवणं शक्यच नव्हतं.

आणि उघडपणे पैसे घेऊन चेंडू टाकणारे तेव्हा होतेच, फक्त क्रिकेटमध्ये. न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचा सॅम राइट हा पगारी व्यावसायिक होता: मैदान राखायचं, सभासदांना शिकवायचं, सामने खेळायचे. त्याचा मुलगा हॅरी त्याचा मदतनीस. याच हॅरी राइटने पुढे सिनसिनाटीचा १८६९ चा संघ बांधला. धाकटा जॉर्ज शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), पगार १४०० डॉलर. हॅरीला स्वतःला १२००. ५७ सामने, एकही पराभव नाही. बेसबॉलची व्यावसायिकता क्रिकेटच्या घरातून आली, क्रेटनच्या खिशातून नाही.

चेंडूफळी
@पानाआड, राइट घराण्याचा मुद्दा जबरदस्त. पण तुम्ही म्हणता ती उघड, कायदेशीर व्यावसायिकता. मी म्हणतोय ती चोरटी. आपल्याकडे मुंबईच्या टाइम्स शील्ड क्रिकेट स्पर्धेत बँका, रेल्वे, टाटा यांचे संघ असायचे. माणूस कागदोपत्री कारकून, कामाला मैदानावर. त्याला काय म्हणाल, हौशी?

आणि परिस्थितीजन्य पुरावा बघा. क्रेटनबरोबरच आसा ब्रेनार्ड आणि जॉर्ज फ्लॅनलीही त्याच सुमारास एक्सेलसियरमध्ये आले. एक्सेलसियर हा व्यापारी, डॉक्टर मंडळींचा प्रतिष्ठित क्लब. त्यात एकोणीस वर्षांचा सामान्य घरातला मुलगा फी भरून सभासद होतो? १८६१ च्या आधी तो ब्रेनार्डसह अटलांटिक या दुसऱ्या क्लबकडे निघून गेला होता आणि काही आठवड्यांत परतलाही. हौशी माणसं अशा कोलांट्या मारत नाहीत, बोली लागलेली माणसं मारतात.

पानाआड
कोलांटीचा मुद्दा वजनदार आहे. तरी मी 'पहिला' म्हणणार नाही. 'ज्याच्यावर पहिल्यांदा सर्वांना संशय आला तो' म्हणेन.

मेधा_क
पण तिकीट नव्हतं ना? मग क्लबला पैसे द्यायला परवडायचं कसं?

पानाआड
मेधाताई, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. १८६० मध्ये मैदानं उघडी होती, कोणीही येऊन रेघेबाहेर उभं राहायचं. खर्च सभासदांच्या वर्गणीतून. बंदिस्त मैदान आलं १५ मे १८६२ ला: विल्यम कॅमेयरने ब्रुकलिनमध्ये बर्फावर स्केटिंग करायची जागा होती तिला कुंपण घालून युनियन ग्राउंड्स उघडलं, प्रवेश १० सेंट. तिथून गल्ला सुरू झाला आणि खेळाडूंनी गल्ल्यातला वाटा मागायला सुरुवात केली. क्रेटनला त्या व्यवस्थेचा एकच हंगाम मिळाला, तोही अपुरा. त्याच्या काळात पैसा येत होता तो क्लबच्या प्रतिष्ठेपायी आणि पैजांपायी.

पैजांचा प्रकार २३ ऑगस्ट १८६० ला दिसला. एक्सेलसियर-अटलांटिक तीन सामन्यांची मालिका. पहिला १९ जुलैला एक्सेलसियरने २३-४ असा एकतर्फी मारला, दुसरा ९ ऑगस्टला अटलांटिकने १५-१४ असा एका धावेने. तिसऱ्याला हजारोंची गर्दी, त्यात पैजा लावलेले गावगुंड भरपूर. एक्सेलसियर ८-६ ने पुढे असताना गर्दीने इतकी शिवीगाळ आरंभली की कॅप्टन आणि कॅचर जो लेगेटने संघ मैदानाबाहेर नेला. सामना अनिर्णित. हे दोन क्लब त्यानंतर एकमेकांशी कधीही खेळले नाहीत.

धोपटमार्ग
वाचनखूण साठवली. त्या २३-४ च्या सामन्यात क्रेटनच होता का पिचर?

चेंडूफळी
हो. आणि त्याआधी ३० जूनला एक्सेलसियर न्यूयॉर्क राज्याच्या दौऱ्यावर निघाला होता: ऑल्बनी, ट्रॉय, बफेलो, रॉचेस्टर, न्यूबर्ग. बेसबॉलमधला हा पहिला मोठा दौरा. बफेलोच्या नायगरा क्लबला (क्रेटनच्या जुन्या नायगराशी याचा संबंध नाही) ५०-१९ ने धुतलं. नंतर फिलाडेल्फिया, बाल्टिमोर. जिथे जिथे गेले तिथल्या पोरांनी क्रेटनची नक्कल सुरू केली. ८ नोव्हेंबर १८६० ला सेंट जॉर्जच्या क्रिकेटपटूंना २५-० हरवलं. नोंद असलेला पहिला शून्याचा निकाल तो हाच. पन्नास-साठ धावा व्हायच्या त्या काळात समोरच्याला एकही धाव न देणं म्हणजे काय, याचा अंदाज करा.

आकडेमोड
त्याच्या बॅटिंगबद्दल एक दंतकथा फिरते, १८६२ च्या अख्ख्या हंगामात तो एकदाही बाद झाला नाही म्हणे. असली विधानं वाचताना तेव्हाचं धावपत्रक कसं होतं ते लक्षात ठेवा. प्रत्येक खेळाडूपुढे मुख्यतः दोन रकाने: किती वेळा बाद आणि किती धावा. किती वेळा बॅटिंगला आला, किती हिट मारले, याची मोजदाद नियमित नव्हती. त्यात दुसऱ्याच्या फटक्यावर तुम्ही बेसवर बाद झालात तर 'बाद' तुमच्या नावावर. त्यामुळे सरासरी काढता येत नाही आणि आजच्या आकड्यांशी तुलना निरर्थक. हेन्री चॅडविक या क्रीडा पत्रकाराने क्रिकेटच्या धावपत्रकावरून हे तक्ते बेसबॉलमध्ये आणले आणि हळूहळू रकाने वाढवत नेले. क्रेटन ते रकाने वाढायच्या आधीच गेला.

वैद्यबुवा
मृत्यूबद्दल थोडं. १४ ऑक्टोबर १८६२, मॉरिसेनियाच्या युनियन क्लबविरुद्ध सामना. मृत्यू १८ ऑक्टोबर, ब्रुकलिनमध्ये हेन्री स्ट्रीटवरच्या घरी. बरीच वर्षं 'मूत्राशय फुटलं' असं छापत आले. आज मानलं जातं ते जांघेतल्या हर्नियाचं (अंतर्गळ) कारण, आणि घटनाक्रमाला तेच जास्त जुळतं.

का ते सांगतो. बाहेरून मार न लागता नुसत्या अंग पिळण्याने मूत्राशय फुटणं फार दुर्मीळ. हर्नियाचं तसं नाही. तरुण पुरुषांत जांघेच्या नळीत जन्मापासून एक पिशवी उघडी राहिलेली असू शकते, कित्येक वर्षं त्रास न देता. पोटातला दाब एकदम वाढला की आतड्याचा वेढा त्या पिशवीत घुसतो आणि अरुंद तोंडाशी आवळला जातो. आधी शिरेतून रक्त परतणं थांबतं, वेढा सुजतो, सूज आणखी आवळते, मग धमनीचा पुरवठाही बंद. काही तासांत आतडं काळं पडायला लागतं, पुढे फुटतं, पोटभर संसर्ग. प्रतिजैविकं नसलेल्या काळात तीन-चार दिवसांचा हा प्रवास.

तेव्हाचे बॅटर दोन्ही हात बॅटवर अंतर ठेवून धरत आणि मनगटापेक्षा कमरेवरचं धड पिळून फटका मारत. वर रोज शेकडो चेंडू खालून, पूर्ण जोर लावून. पोटाच्या खालच्या भिंतीवर दोन्हीकडून ताण. एकाच फटक्याने धडधाकट भिंत फाटली असं मी म्हणणार नाही; पिशवी आधीची असणार.

१८६२ मध्ये उपाय होता का? आवळणारा पट्टा कापून आतडं मोकळं करण्याची शस्त्रक्रिया माहीत होती. ईथरची भूल १८४६ पासून होती. पण लिस्टरचं जंतुनाशक तंत्र १८६७ चं आणि बासिनीची भिंत शिवायची पद्धत १८८० च्या दशकातली. पोट उघडलेले बरेच रुग्ण संसर्गाने जात.

गल्लीबोळ
पण गोष्ट अशी ऐकली आहे की होमरन मारला, 'टक्' आवाज आला, बेस फिरून आला आणि म्हणाला, माझा पट्टा तुटला वाटतं.

पानाआड
ती गोष्ट अटलांटिकच्या जॅक चॅपमनच्या नावावर आहे आणि कित्येक वर्षांनंतरची आहे. त्या सामन्याच्या त्यावेळच्या वृत्तांतात तो होमरन सापडत नाही. पट्ट्याचं वाक्य इतकं फर्मास आहे की कोणालाच सोडवत नाही.

त्याहून रंजक आहे ते क्लबचं वागणं. एक्सेलसियरचे अध्यक्ष डॉ. जोन्स यांनी असोसिएशनच्या अधिवेशनात सांगितलं, की क्रेटनला दुखापत क्रिकेट खेळताना झाली होती. बेसबॉल हा निरोगी, सभ्य तरुणांचा खेळ म्हणून विकायचा चालला होता. त्यात सर्वांत नावाजलेला खेळाडू मैदानावर कामी आला हे परवडणारं नव्हतं. मग घाला क्रिकेटच्या माथी!

सरळबॅट
क्रिकेटवर बिल फाडायची परंपरा जुनी आहे तर. (हलके घ्या.)

धोपटमार्ग
अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जुन्या नियमांनी बेसबॉल खेळतात. आपल्याच मंडळाच्या पिकनिकला १८६० चे नियम वापरून एक सामना करायचा म्हटलं तर काय काय लागेल? आणि क्रेटनसारखा चेंडू शिकता येईल?

खडूस_अंपायर
येईल. सामान आधी.

चेंडू: १८६० चा नियम वजन ५¾ ते ६ औंस (१६३–१७० ग्रॅम), घेर ९¾ ते १० इंच. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड आणि मोठा. आत रबर, त्यावर लोकरीचा दोरा गुंडाळलेला, वर एकाच कातड्याचं चार पाकळ्यांचं आवरण. अख्ख्या सामन्याला एकच चेंडू. पाचव्या इनिंगनंतर नरम पडतो आणि लांब जात नाही, हे अपेक्षितच आहे. जिंकलेल्या संघाला तो बक्षीस म्हणून मिळतो. क्रिकेटचा चेंडू वापरू नका, हातमोजे नाहीत हे लक्षात ठेवा.

बॅट: गोल, लाकडी, जाडी जास्तीत जास्त २½ इंच, लांबीला मर्यादा नाही. बेस: वाळू किंवा भुसा भरलेल्या कॅनव्हासच्या पिशव्या, किमान एक चौरस फूट, एकमेकांपासून ९० फूट. पिकनिकला ७० करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मंडळाची मीटिंग होणार नाही.

नियमांत तीन गोष्टी लोक चुकतात. एक, एका टप्प्यावर पकडला तरी बाद, फाउल (हद्दीबाहेर गेलेला फटका) असला तरी. दोन, चेंडू आधी आतल्या हद्दीत टप्पा खाऊन बाहेर गेला तर तो फाउल नाही, पळा. तीन, फाउल हा स्ट्राइक (बॅटरची वाया गेलेली संधी) मोजत नाहीत.

आता हात. चेंडू तळव्यात दाबू नका, बोटांवर धरा, दोन बोटं वर आणि अंगठा खाली. हात मागे खांद्याच्या उंचीपर्यंत, कोपर सरळ. डावं पाऊल पुढे, गुडघे वाकवा, कारण खालून सुटायला शरीरच खाली गेलं पाहिजे. नुसतं कमरेत वाकलात तर पाठ धरेल. हात मांडीपासून चार बोटं लांबून जाऊ द्या. घासला की झटका झाला, अंपायरने ओरडायला हवं. चेंडू पुढच्या गुडघ्याच्या किंचित पुढे सोडा. उशिरा सोडला तर कॅचरच्या डोक्यावरून, लवकर सोडला तर बॅटरच्या पुढ्यात टप्पा. मनगट अगदी शेवटी, बोटं चेंडूच्या खालून वर ओढत. मनगट लवकर फिरलं की चेंडू आडवा सुटतो.

आधी मनगटाशिवाय अंदाज बसवा. आणि कॅचरला दहा-बारा फूट मागे उभं करा, टप्प्यावर घेऊ द्या. कॅचरची जाळी १८७० च्या दशकात आली. लेगेट हे सगळं उघड्या हातांनी, उघड्या तोंडाने घ्यायचा.

मेधा_क
लेगेटवर वेगळा धागा निघायला हवा. बोटं शाबूत होती का त्याची?

सरळबॅट
+१. विकेटकीपर संघटनेतर्फे अनुमोदन.

चेंडूफळी
मूळ प्रश्नाकडे येतो. 'नियम त्याच्यामुळे बदलले' हे मी शीर्षकात लिहिलं आहे, त्यावर अजून कोणी हल्ला कसा केला नाही?

पानाआड
करतोच. बदल झाले हे खरं. १८६३-६४ च्या सुमारास पिचरला दोन रेघांच्या चौकटीत बांधलं, रनअप गेला, आणि वाईट चेंडू मोजायला सुरुवात झाली: आधी ताकीद, मग बॉल पुकारायचे, तीन झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. पण दोष एकट्या पिचरांचा नव्हता. बॅटरही मनाजोगता चेंडू येईपर्यंत बॅट खांद्यावर टाकून उभे राहायचे. १८५८ पासून अंपायरला अशा बॅटरवर स्ट्राइक पुकारायचा अधिकार होता, पण भिडेपोटी तो वापरत नसत. सामना तीन-तीन तास रेंगाळायचा. नियम त्या रेंगाळण्यावर होता.

खडूस_अंपायर
अर्धवट सहमत. क्रेटनला स्वतःला या नियमाची भीती नव्हती, त्याचा चेंडू पाहिजे तिथे पडायचा. अडचण केली त्याच्या नक्कलकारांनी. वेग आला, अंदाज आला नाही. एकाने वेगाने आणि अचूक टाकलं. पन्नास जणांनी वेगाने आणि कुठेही टाकलं. चौकट त्या पन्नासांसाठी. मनगटाला तर पुढे १८७२ मध्ये मोकळीकच द्यावी लागली, कारण पकडणं अशक्य होतं. खांद्यावरून फेकायला नॅशनल लीगने १८८४ मध्ये परवानगी दिली, आणि अंतर १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच झालं. पिचर वाढपी राहिला नाही म्हणूनच त्याला दर काही वर्षांनी मागे ढकलावं लागलं.

आकडेमोड
आणि वारसा बघायचा तर क्लबच बघा. एक्सेलसियरमधला त्याचा जोडीदार ब्रेनार्ड १८६९ च्या सिनसिनाटीचा मुख्य पिचर झाला, पगार ११०० डॉलर. त्याच एक्सेलसियरमध्ये पुढे कँडी कमिंग्ज आला, ज्याला वळणाऱ्या चेंडूचं श्रेय देतात. तो १९३९ पासून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. क्रेटन नाही.

मेधा_क
तो का नाही?

पानाआड
खेळाडू म्हणून निवडायला दहा हंगाम लागतात. आणि पहिली व्यावसायिक संघटना १८७१ ची. त्याच्या आधीचं सगळं अधिकृत आकडेवारीच्या बाहेर. राहतो तो 'प्रवर्तक' हा दरवाजा, त्यातून चॅडविक १९३८ मध्ये आत गेला. क्रेटनसाठी कोणी तो जोर लावून ठोठावलेला नाही.

मुक्काम_जर्सी
न्यूयॉर्क भागात असाल तर समाधी बघता येते. ब्रुकलिनची ग्रीन-वुड दफनभूमी, मुख्य दरवाजा फिफ्थ अव्हेन्यू आणि २५ वा रस्ता, सबवेच्या आर गाडीने २५ स्ट्रीट स्टेशन. स्तंभावर एकमेकींवर ठेवलेल्या बॅट, बेस, टोपी आणि धावपत्रकाची वही कोरलेली आहे. माथ्यावरचा दगडी चेंडू बरीच वर्षं बेपत्ता होता, २०१४ मध्ये नवा बसवला. चॅडविकही तिथेच आहे. आवार प्रचंड आणि चढउताराचं आहे. दरवाजावर नकाशा घ्या, नाहीतर तासभर भलत्याच टेकडीवर फिराल.

धोपटमार्ग
@खडूस_अंपायर, पिकनिकसाठी एक शेवटचं. चार पाकळ्यांचा चेंडू मिळाला नाही तर सॉफ्टबॉल चालेल का?

खडूस_अंपायर
१२ इंची नको, तो घेराला फार मोठा, बोटांवर बसत नाही आणि मनगट फिरत नाही. ११ इंची मिळाला तर घ्या, एक इंच जास्त असला तरी नवशिक्यांच्या हाताला बरा. आणि अंपायर म्हणून कोणाला उभं करताय ते आधी ठरवा. ज्याच्याशी कोणीच भांडत नाही असा एक तरी माणूस मंडळात असेलच.

गल्लीबोळ
महाराष्ट्र मंडळात? 😂